राघूच्या नाकातला दोर

वडगाव निंबाळकर
९ जून १९५६

न्हाय ओढली. तू कितीबी लिव, मी वेसण ओढली न्हाय. इश्वास नसंल तर हितं ये आन राघूला इचार.

अक्का, तुझं पत्र सगळ्यांनी वाचलं. तुझ्या मावशीनं, म्हंजे आमच्या आईनं, दोनदा वाचलं आन मला म्हनली, "ओढली आसशील तर सांग, मारणार न्हाय." मारणार न्हाय म्हनली की ती मारती. पर मी ओढलीच न्हाय तर सांगू काय.

पाडव्याला तुझ्या तात्यांनी लोणी देवकरहून राघूला आमच्याकडं पाठवला तवा त्याला वेसण नव्हती, हे खरं हाय. तू त्याला हातानं दूध पाजून वाढवलास, तू त्याला दावं बी लावत नव्हतीस, तो तुझ्यामागनं कुत्र्यावानी फिरायचा, हे बी खरं हाय. तू त्ये परत्येक पत्रात लिवतीस. पर आमचा एक बैल मेला, दुसऱ्याला जोड पाहिजे व्हती, म्हणून राघू आला. आन औताला जुपायचा खोंड म्हंजे वेसण घालावीच लागती. आखितीनंतर रामहरीनं त्याचं नाक टोचलं. रामहरी साऱ्या गावातली खोंडं टोचतो. मी फकस्त शिंगं धरली व्हती. म्हंजे एक शिंग. दुसरं आबांनी धरलं.

आता उजव्या नाकपुडीतनं रक्त येतं. पातळ येतं आन लवकर थांबत न्हाय. हळद-तेल लावतोय. बाकी राघूची बडदास्त चांगली हाय. आमची छबूआजी त्याचं पाणी बी फडक्यातनं गाळून बादलीत देती. तिला नारू झाला व्हता, पायातनं दोऱ्यावानी किडा निघाला व्हता, तवापासनं ती समद्यांचं पाणी गाळती, माणसांचं बी आन जनावरांचं बी. लोक हसत्यात.

आन तो आता माझ्या हाकेला बी येतो. हे मी आधी लिवलं नव्हतं.

महिपती


लोणी देवकर
१४ जून १९५६

महिपती,

राघूला लिहिता आलं असतं तर त्यानं पहिलं पत्र मलाच लिहिलं असतं.

वेसणीचं भोक महिन्यात वाळतं. वाळलं न्हाय म्हंजे कुणीतरी ओढतंय. हे मी एकटी म्हणत न्हाय, आमचे तात्या बी म्हणतात. तात्या "असंल" म्हणाले, पर त्यांच्या "असंल"चा अर्थ "हाय" असाच असतो.

इथं असताना त्याच्या नाकाला कधी मुंगी चावली न्हाय. मी त्याला रोज महादेवाच्या टाक्यावर न्यायची. पाणी इतकं निवळ आन स्थिर की त्याला त्यात स्वतःचं तोंड दिसायचं. तोंड बघत बघत प्यायचा. तुमच्याकडं काय, कॅनॉल.

तर ऐक. बेंदरापर्यंत नाक बरं झालं न्हाय तर मी आन तात्या येणार आन राघूला परत आणणार. तात्यांना अजून सांगितलेलं न्हाय, पर ते येतील.

आता दुसरं. मानसिंग मास्तरांनी "एक उपयोगी प्राणी" ह्यावर निबंध सांगितलाय. सगळ्या वर्गानं गाय लिहिली. एकानं म्हैस लिहिली तर मास्तर म्हणाले, वेगळं सुचलं, शाबास. मी जळू लिहिणार हाय. माझ्याकडं एक हाय, म्हशीच्या पायावरनं काढलेली, लोणच्याच्या बरणीत ठेवलीय. आईला वाटतंय बरणी फुटली.

छबूआजीनं गुडघ्याला जळवा लावून घेतल्या व्हत्या ना? तिला इचार, दुखतं का, आन जळू काढायची कशी. अंदाजानं लिहू नको.

कौसल्या


वडगाव निंबाळकर
२० जून १९५६

अक्का,

वेसण काढली. रक्त चालूच हाय. म्हंजे वेसण ओढल्यानं रक्त येत नव्हतं, कारण आता ओढायला वेसणच न्हाय. हे तू दोनदा वाच.

आबा म्हणत्यात, वेसण काढताना सुताचा एक धागा आत ऱ्हायला. मला बी दिसला. राघू पाणी प्यायला लागला की नाकपुडीतनं काळा धागा खाली येतो, पाण्याला टेकतो. राघूनं मान वर केली की आत जातो. आबांनी धरला तर निसटला. म्हनले, भिजलेलं सूत निसटतंच. मी म्हनलं, सूत पांढरं व्हतं. म्हनले, रक्तानं काळं झालं. मी म्हनलं, मग आत कसं जातं. म्हनले, तू वैरण टाक.

आजीला इचारलं. ती म्हनली, जळू लावताना मुंगी चावल्याएवढं वाटतं, मग कायच वाटत न्हाय. ती वढून काढायची न्हाय. पोट भरलं की आपली आपण गळून पडती. मग तिच्या तोंडाला हळद लावायची, म्हंजे प्यालेलं ओकती. मग परत मडक्यातल्या पाण्यात सोडायची. जळू पडल्यावर बी रक्त लई येळ येत ऱ्हातं, आजीचं इरकली लुगडं त्यात गेलं. जळवा लावणाऱ्या बाईनं त्ये आधी सांगितलं न्हाय, म्हणून आजी तिच्याशी अजून बोलत न्हाय. ती बाई वारली.

आजी म्हनली, "साळंत ह्ये शिकवत्यात व्हय? मग गाय कोण शिकवतं?"

राघू बारीक झालाय. बरगड्या दिसत्यात. मी त्याला माझी निम्मी भाकरी देतो, ती खातो.

महिपती


लोणी देवकर
२६ जून १९५६

महिपती,

धागा आपला आपण वर-खाली व्हत न्हाय. तू आन आबा मिळून मला बनवताय. वेसण ओढली असं एका ओळीत लिहिलं असतंस तर धाग्याची गोष्ट रचावी लागली नसती.

आजीचं सगळं निबंधात घातलं, लुगडं सोडून. मास्तरांनी दहापैकी चार दिले. खाली शेरा हाय, "उपयोग सिद्ध झाला नाही." तू वाच आन तूच सांग. थोडं उतरून पाठवते.

"जळूला दोन तोंडे असतात असे लोक म्हणतात. ते खोटे आहे. तिच्या दोन्ही टोकांना चिकटायच्या वाट्या असतात. मागची वाटी मोठी, पण ती नुसती धरून बसायला. तोंड पुढच्या लहान वाटीत असते. त्यात तीन जबडे असतात, प्रत्येकाला करवतीसारखे बारीक दात. म्हणून जळू चावल्याची खूण कोंबडीच्या पायाच्या ठशासारखी उठते. तिला दहा डोळे असतात, पण त्यांनी तिला म्हैस दिसत नाही. उजेड आणि सावली कळते, आणि पाणी हलले की कळते. तेवढ्यावर ती म्हैस ओळखते. तिला फुप्फुस नाही, ती कातडीने श्वास घेते. म्हणून ती कोरडी पडली की मरते. उन्हाळ्यात तळे आटले की चिखलात खोल जाऊन पाण्याची वाट बघते. एकदा पोट भरले की कित्येक महिने जेवत नाही. तिच्या लाळेत असे औषध असते की रक्त साकळत नाही, वाहतच राहते. प्रत्येक जळू नर पण असते आणि मादी पण असते. अंडी ती काठाच्या ओल्या मातीत एका मऊ पिशवीत घालते. पिल्ले धाग्याएवढी असतात आणि पहिल्या दिवसापासून आईसारखीच वागतात."

नर आन मादीचं वाक्य मास्तरांनी खोडलं. का म्हणून इचारलं तर म्हणाले, परीक्षेत येत न्हाय.

मास्तरांनी मला त्यांचं पुस्तक वाचायला दिलंय, पर खरं शिकायचं त्ये बरणीतनंच. भुकेली असली की ती सुतासारखी बारीक आन लांब व्हती. म्हशीवर सोडून परत आणली की बोटाएवढी. पाणी बदलताना बरणी रिकामी केली की मागच्या वाटीनं काचेला धरून बसती, आन ताजं पाणी जवळ आणलं की निम्मं अंग लांबवून पाण्याला टेकती. पाणी लांब नेलं की परत आखडती. मी हे दिवसभर बघू शकते. आई म्हणते, लग्नात हे सांगू नको कुणाला.

राघूचं नाक नीट कर.

कौसल्या


वडगाव निंबाळकर
३ जुलै १९५६

मोहनराव साडूंना संभाजीचा रामराम.

आबा सांगत्यात आन मी महिपती लिवतोय. आबा म्हनले, मी बोलंन तेवढंच लिव, अक्षर जास्त न्हाय, कमी न्हाय. म्हणून तसंच लिवतोय.

लिव. आमच्याकडं समदं खुशाल हाय. राघूचं नाक खुशाल न्हाय. लिवलंस? फुडं. वेसणीचा धागा आत ऱ्हायला व्हता, त्यो आता फुगून दोर झालाय. करंगळीएवढा. सूत भिजलं की फुगतं. महिपती म्हणतो सूत एवढं फुगत न्हाय. त्ये लिवू नको. लिवलंस का? खोड. नको, खोडू नको, घाण दिसंल.

म्हातारी म्हणती नारू आसंल. आई, तू गप बस, नारू पायाला व्हतो. फुडं लिव.

हिंदुराव हेडी आला व्हता. जनावरांच्या सौद्यात त्याचा हात धरणारा कोण न्हाय. त्यानं राघूचं नाक बघितलं. म्हनला, नाक फुटलेला बैल नांगराला दम धरत न्हाय, आत्ता द्या, दिवाळीनंतर कोण इचारणार न्हाय. मला बी पटलं. बेंदराला सारं गाव आपापला बैल सजवून वेशीतनं काढणार, आन आमचा रक्त गाळत जाणार, ह्ये बरं न्हाय. बारा तारखेला हिंदुराव येणार आन राघूला सोलापूरकडं नेणार. पोरीनं जीव लावून वाढवलेला खोंड, म्हणून कळवलं. पर पोरीला सांगू नका. रडंल.

तू का थांबलास? डोळ्यात काय गेलं? बरं पूस. त्ये लिवू नको.

मुक्ताबाईचा तुमाला आन तिच्या बहिणीला नमस्कार. झालं. सही मी करतो, आण हिकडं.

संभाजी


लोणी देवकर
७ जुलै १९५६

महिपती,

तात्यांना पत्रं मीच वाचून दाखवते. त्यामुळं "पोरीला सांगू नका" हे बी मीच वाचलं.

कार्डावर जागा कमी, भांडण नंतर. त्यो धागा न्हाय, दोर न्हाय, नारू न्हाय. जळू हाय.

माझ्या बरणीतलीची लांबची बहीण. हिचे जबडे बोथट, बाहेरची कातडी फाडता येत न्हाय, म्हणून नाकात, घशात, मऊ जागी ऱ्हाती. साचलेल्या निवळ पाण्यात असती. जनावर प्यायला वाकलं की धाग्याएवढं पिल्लू आत शिरतं आन आत महिनोन्‌महिने वाढतं. पुस्तकात ही ओळ मी वाचली व्हती. निबंधात घातली न्हाय, कारण "उपयोगी"त बसत नव्हती.

एक दिवस राघूला पाणी देऊ नको. तो बघंल तुझ्याकडं. तरी देऊ नको. मग गार पाण्याची परात नाकाखाली धर, पिऊ देऊ नको. ती पाण्याला येईल. फडक्याला राख लाव, त्यानं धर. ओढू नको, मागची वाटी आत चिकटलेली असती, तुटंल. धरून ठेव आन मीठ लाव. आपली आपण सोडंल. नंतर रक्त जास्त येईल, लाळेमुळं. भिऊ नको.

तिला मारू नको. बरणीत ठेव.

कौसल्या

वेसण ओढलीस का न्हाय हे अजून ठरलेलं न्हाय.


वडगाव निंबाळकर
१३ जुलै १९५६

अक्का,

कार्ड दहा तारखेला आलं. पोष्टमननं आधी वाचलं व्हतं, दारातनंच म्हनला, "जळू हाय म्हणं नाकात."

आबांना वाचून दाखवलं. म्हनले, "पोरीच्या कार्डावर मुकं जनावर तान्हेलं ठेवू? हेडी काय म्हणंल?" आजी म्हनली, "हेडी न्यायलाच येतोय, तान्हेला नेईल. तुला ठेवायचाय व्हय?" अकराला सकाळपासनं आबांनीच पाणी बंद केलं.

तू लिवलंस तो बघंल, तर तो बघत व्हता. मी आडाकडं गेलो तरी उठायचा. बादली वाजली तरी उठायचा. मग मी बी पाणी प्यालो न्हाय. आईनं दुपारी मला तांब्या तोंडाला लावून पाजलं. म्हनली, "जळू तुझ्या नाकात न्हाय."

बाराला हिंदुराव आला. राघूची जीभ बाहेर, डोळे आत. हिंदुराव आबांना म्हनला, "हे काय केलंत? परवा बरा व्हता की." आबा म्हनले, "जळू काढायचीय." हिंदुराव म्हनला, "संभाजी, तुला बैल द्यायचा नसंल तर न्हाय म्हण, जळू कशाला काढतोस मधी?"

मी पितळी परात भरली. आबांनी दोन्ही शिंगं धरली. एक न्हाय, दोन्ही. राघू वढ खातोय आन पाणी चार बोटं लांब. हिंदुराव तंबाखू मळत बसला. मग नाकपुडीतनं काळं टोक आलं. आलं, थांबलं, हिकडं-तिकडं वळलं, जसं कोण दारातनं बाहेर बघावं. मग लांब झालं आन पाण्याला टेकलं. हिंदुरावची तंबाखू परातीत पडली.

मी घाई केली. हात वला व्हता. निसटली. आत गेली. आबांनी माझ्याकडं बघितलं, तू लिवतीस तसं बघितलं. मी म्हनलं, परत येईल. आबा म्हनले, "आन न्हाय आली तर?" आजी परात घिऊन गेली, तंबाखूचं पाणी वतलं, ताजं आणलं. गाळून आणलं.

लई येळ आली न्हाय. हिंदुराव म्हनला, उशीर व्हतोय, दावं सोडा. आबांनी शिंगं सोडली न्हायत. म्हनले, "थांब जरा." आबा मला नुसतं वैरण टाक म्हणत्यात, थांब जरा म्हनलेले मी पैल्यांदा ऐकलं.

मग ती आली. ह्या बारीला मी राखेच्या फडक्यानं धरली आन वढली न्हाय. हाताला वाटत व्हतं वढावी. आजीनं मीठ लावलं. ती माझ्या मुठीत आखडली, फुगली, आन मग एकदम हलकी झाली. आख्खी हातात. माझ्या बोटापेक्षा लांब. हिंदुराव मागं सरकला.

मग रक्त आलं, लई आलं. आबा म्हनले, "आता तर जास्तच!" मी म्हनलं, लाळेमुळं. आबा म्हनले, "कुणाच्या लाळेमुळं?" मी तुझा निबंध आणला आन तेवढी ओळ वाचली. तोवर राघूनं परात पिऊन बादलीत तोंड घातलं.

हिंदुराव तोंड पुसून म्हनला, "तरी मी म्हनत व्हतो, ह्या बैलाच्या नाकात दोष न्हाय. चला, काय द्यायचं बोला." आबा म्हनले, "तू म्हनलास दिवाळीनंतर कोण इचारणार न्हाय. मग दिवाळीनंतरच बघू." हिंदुराव च्या पिऊन गेला.

जळू बरणीत हाय. आजी म्हनली, बरणी घरात न्हाय. म्हणून गोठ्यात हाय, राघूच्या समोर. राघू तिच्याकडं बघत न्हाय.

महिपती


लोणी देवकर
१६ जुलै १९५६

महिपती,

पहिल्यांदा वला हात लावलास हे वाचून मला आश्चर्य वाटलं न्हाय. पर धरलीस. आन ओढली न्हायस. म्हंजे तुला ओढायची सवय न्हाय असं मानायला हरकत न्हाय. एवढंच मी लिहून देते, जास्त न्हाय.

ती जळू मला पाहिजे. मास्तरांना दाखवायची हाय. त्यांनी पुस्तकातली ओळ वाचली व्हती पर बघितली कधीच न्हाय.

आता राघूचं. मी तात्यांशी बोलले. जळू पाण्यातनं शिरती, म्हंजे तुमचं पाणी खराब. कॅनॉलच्या कडेनं कुठं डबकी असतील, तिथं तो प्याला असंल, तुझं लक्ष नसंल. एकदा शिरली ती परत शिरंल. तात्या म्हणाले, "बघू." मी ते व्हय धरलं. बेंदूर झाला की आम्ही मोटारीनं येतो आन राघूला घिऊन जातो. तो माझ्या हाकेला अजून येतो का ते मला बघायचंय. तू वाईट वाटून घेऊ नको. तुझ्याकडं बरणी हाय. म्हंजे ती बी मीच नेणार, पर तोवर हाय.

कौसल्या


वडगाव निंबाळकर
२० जुलै १९५६, बेंदूर

अक्का,

पोष्टमन वट्ट्यावर बसलाय. आईनं त्याला पुरणपोळी दिलीय, ती संपायच्या आत लिवतो.

राघू हितं आल्यापासनं कॅनॉलवर गेलाच न्हाय. आजीचं गाळलेलं पाणी, बादलीतनं, हे मी पैल्याच पत्रात लिवलं व्हतं. तू त्या पत्रात फकस्त वेसण वाचलीस. कॅनॉलचं पाणी गढूळ हाय आन पळतं. तूच कार्डावर लिवलंस, ही जळू साचलेल्या निवळ पाण्यात असती, धाग्याएवढी शिरती, महिनोन्‌महिने आत वाढती. मी पाडव्यापासनं मोजलं न्हाय, कारण मोजायला पाडव्याच्या आधीच जावं लागतंय.

निवळ आन स्थिर पाणी कुठं हाय, हे बी तूच लिवलंस. इतकं निवळ की त्याला स्वतःचं तोंड दिसायचं. तोंड बघत बघत तो प्यायचा, आन ती त्याचं तोंड बघत व्हती, तिच्या दहा डोळ्यांनी.

तर मी वेसण ओढली न्हाय. तू पाणी पाजलंस.

हे मी आबांना सांगितलं न्हाय. तात्यांना सांगायचं तर पत्र तूच वाचतीस, तू बघ. आजीला सांगितलं. ती म्हनली, "जीव लावून पाजलं व्हतं, त्याला काय करणार. त्या टाक्यावर आता बाकीची गुरं नेऊ नका म्हणावं." हे तेवढं तात्यांना वाचून दाखव.

तुमी या. बरणी ने. टपालानं पाठवत न्हाय, पाणी सांडंल. राघूला हाक मार, तो येईल, तो तुला इसरला न्हाय. हाक मारून झाली की मी मारीन. मग तो कुठं जाऊन उभा ऱ्हातो त्ये दोघांनी बघू. टाक्यावर मातर न्यायचा न्हाय.

शिंगं रंगवलीत. निळी. झूल आईच्या जुन्या लुगड्याची हाय. हलगी वेशीपाशी पोचली, आबा दोनदा वराडले. पोष्टमन हात धुतोय. उत्तर लिवू नको, आज घरी कोण न्हाय, समदी वेशीत हाईत.

राघूचं नाक आत्ता हातानं बघितलं. वलं हाय. नुसतं पाणी.

मी चाललो.